मॅडम येण्याच्या दिवशीची खुर्ची

मी अंगणवाडी सेविका आहे आणि माझं तोंड चालतं हे अख्ख्या गावाला माहीत आहे. आमचं गाव गोंडपिपरीपासून एसटीनं पाऊण तासावर. एका बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला जंगल. कोणाच्या लेकराचं वजन घटलं की मी त्या घराच्या दारात उभी राहते आणि विचारते, पाकिटातला आहार लेकराला चारला की कोंबड्यांना? बाई खाली बघत म्हणते, "लेकरालेच चारला, बाई." मला लगेच कळतं. खोटं बोलणाऱ्या आईचा चेहरा मी लांबून ओळखते. आणि तरी सांगते, एक अख्खं वर्ष तोच चेहरा घेऊन मी माझ्या स्वतःच्या दारात उभी होते.

गोष्ट माझ्या मुलीची आहे. ती जन्मली तेव्हा रडली नाही. चंद्रपूरच्या दवाखान्यात कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं डॉक्टर म्हणाले. हातपाय ताठ, मान सैल, पाठीत जोर नाही. बोलणं नाही, पण समजतं सगळं. बाप बांधीवरून आला की फाटक वाजायच्या आधी हिचे डोळे दाराकडे जातात. ती साडेपाच वर्षांची झाली तेव्हा तालुक्याच्या केंद्रातून एक मॅडम यायला लागल्या. अपंग लेकरांच्या शिक्षणाचं काम बघणारं ते केंद्र. मॅडम व्यायामाच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या. वय माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी कमी, स्कुटीवर यायच्या, दर पंधरा दिवसांनी मंगळवारी. त्यांनीच खटपट करून चंद्रपूरच्या शिबिरात मुलीचं माप दिलं आणि तिला खुर्ची मिळवून दिली. निळ्या रंगाची, चाकांची, छातीला पट्टा, पायाला पट्टा, डोक्याला दोन्ही बाजूंनी गादी.

खुर्ची आली त्या दिवशी गल्लीतले सगळे बघायला आले. माझ्या नवऱ्यानं तिला हार घातला. हो, खुर्चीला. नवा ट्रॅक्टर आला की घालतात ना, तसा.

आणि पंधरा दिवसांत खुर्ची कोपऱ्यात गेली. कारण सांगते. आमच्या घरात जे काही होतं ते जमिनीवर होतं. चूल जमिनीवर, जेवण जमिनीवर, तांदूळ निवडणं जमिनीवर, सासूच्या गप्पा जमिनीवर. सगळं घर खाली आणि पोरगी वर, पाहुण्यासारखी. तिच्या हाताला काही लागायचं नाही. ती आमच्या डोक्यांचे भांग बघत बसायची आणि थोड्या वेळानं ताठ होऊन रडायला लागायची. पट्टे सोडले की गप्प. मग कोण बसवतो? खुर्चीवर माझ्या मुंगवड्या वाळायला लागल्या. अंगणात ओढायला चाकं होती, तेवढी सोय झाली.

मग पोरगी बसायची कुठं, तर टोपल्यात. हे काम माझ्या सासूचं. शेणखत वाहायचा एक मोठा बांबूचा टोपला होता, त्याची एका बाजूची कड मोडली म्हणून तो गोठ्यामागं पडला होता. सासूनं तो धुतला, चार दिवस उन्हात ठेवला, आत जुनी गोधडी घातली, चुलीजवळच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवला आणि नातीला त्यात बसवलं. मोडलेली कड समोर. तिथून पाय बाहेर, हात बाहेर. बाजूला धानाचं पोतं, म्हणजे कलंडायची भीती नाही. मी अंगणवाडीतून दुपारी घरी आले आणि बघितलं तर माझी लेक खताच्या टोपल्यात.

"आई, हे काय?" मी म्हटलं.

"बसली नं थे," सासू म्हणाली. "पाह्य, रडून राह्यली काय?"

रडत नव्हती. पण माझा जीव वर-खाली झाला. मी सरकारी काम करणारी बाई. माझ्या घरात लेकरू टोपल्यात ठेवतात हे कोणी बघितलं तर? लेकरांना कसं वाढवायचं ते मी गावाला शिकवते आणि माझीच पोरगी अशी? सासूला मी दोन शब्द सुनावले. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं.

टोपला आल्यानंतर मॅडम आल्या तो पहिला मंगळवार मला अजून आठवतो. सकाळीच मी मुंगवड्या काढल्या, खुर्ची पुसली, टोपला गोठ्यामागं लोटला आणि मुलीला पट्टे बांधून बसवलं. मॅडम उन्हातून आल्या होत्या, चेहरा लाल झाला होता. पाणी प्यायल्या आणि फाईल उघडून विचारलं, "रोज किती वेळ बसते?"

सासूनं तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला.

"चार तास," मी म्हटलं.

दोन तास म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला माहीत होतं ना, कागदावर कोणता आकडा शोभतो ते! मीही तेच करते. आणि खरं सांगायचं तर, त्या पोरीनं एवढी खटपट करून खुर्ची आणली, तिच्या तोंडावर कसं सांगू की त्यावर मुंगवड्या वाळतात? घरी आलेल्या माणसाला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. चहा नको असला तरी घेतात, जेवण झालं असलं तरी पानावर बसतात. मी त्याच रीतीनं 'चार तास' म्हटलं. मॅडम एवढ्या खूश झाल्या की मलाच बरं वाटलं.

मग ते सुरूच राहिलं. दर दुसऱ्या मंगळवारी आमच्या घरात नाटक. खुर्ची पुढं, टोपला गोठ्यामागं, सासूच्या पायावर माझा पाय. मुलीलाही कळायचं. स्कुटीचा आवाज आला की ती ताठ व्हायची, कारण आता पट्टे येणार. मॅडम तिच्यासमोर रंगीत कड्या धरायच्या, "घे बाळा, डब्यात टाक." ती घ्यायची नाही. मान एकीकडे पडायची, लाळ गळायची, डोळे चुलीकडे. मॅडम फाईलमध्ये लिहायच्या. मी बाजूला उभी राहून म्हणायचे, "तुमच्यासमोर लाजते. एरवी करते." तेवढं मात्र खरं होतं.

कारण एरवी ती करत होती. थंडीत सासू तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला बसली की टोपल्यासमोर मूठभर शेंगा टाकायची. आधी पोरगी नुसत्या चिवडायची. मग एकदा एक शेंग तिच्या मुठीत आली आणि तिनं ती सुपात टाकली. टाकली म्हणजे सोडली. मूठ स्वतःहून उघडली. सासूनं ढुंकून बघितलं नाही, नुसतं म्हणाली, "दुसरी घे." संक्रांतीपर्यंत ती दहाबारा शेंगा टाकायला लागली. मान सरळ, पाठ भिंतीला, तोंडानं हूं हूं असा आवाज. मी हे रोज बघत होते आणि कोणाला सांगत नव्हते. सांगायचं म्हणजे टोपला दाखवावा लागला असता.

मार्च संपता संपता मॅडम आल्या त्या एक कागद घेऊन. जूनमध्ये मुलगी पहिलीत जायची होती. आम्ही सगळे त्याच आशेवर होतो. जिल्हा परिषदेची शाळा आमच्या घरापासून चार घरं पुढं. पोरं सुटली की त्यांचा गलका आमच्या अंगणात ऐकू येतो आणि माझी मुलगी तो ऐकून टोपल्यात उड्या मारल्यासारखं करते. तिला शाळेत बसायचं होतं हे सांगायला तिला शब्द लागत नव्हते. मॅडमनी कागद माझ्यासमोर ठेवला. त्यात लिहिलं होतं की मुलीला घरीच शिक्षण द्यावं. शाळेत नाव राहील, पण बसणं घरी. आठवड्यातून एकदा कोणीतरी येऊन शिकवून जाईल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काऊन?" मी म्हटलं. "काऊन घरी? माही पोरगी काय कोंबडी हाये, खुराड्यात ठेवाले? तुम्ही येता वीस मिनिटं, तेही पंधरा दिवसांतून, अन् तिचं अख्खं नशीब लिहून टाकता?"

मॅडमचा चेहरा पडला. पण त्याही गप्प बसल्या नाहीत. "ताई, तुम्हीच सांगता ना, रोज चार तास खुर्चीत बसते? वर्षभर रोज चार तास बसून जर मान सावरत नाही, हातात वस्तू धरत नाही, तर शाळेत पाच तास कशी बसेल? तिला त्रास होईल. मी तिच्या भल्यासाठीच लिहिलंय."

माझ्याच तोंडातला आकडा होता. सासू माझ्याकडे बघत होती. मी तेव्हा खरं बोलायला हवं होतं. नाही बोलले. मी पेन घेतला आणि सही केली. मॅडम म्हणाल्या, सोमवारी केंद्रात बैठक आहे, तिथं या कागदावर साहेबांचा शिक्का होईल. मग त्या गेल्या.

संध्याकाळी भाकरी टाकता टाकता सासू म्हणाली, "माह्या पायावर पाय देऊन देऊन पोट्टीले घरात बसवलं तू." ते मला अजूनही लागतं. नवऱ्यानं मान खाली घालून जेवण केलं. त्याचाही त्यात भाग होता, हे त्याला कळत होतं. मंगळवारी सकाळी खुर्ची पुसायला तोच मदत करायचा.

गुरुवारी मी माझ्या कामावर एका घरी गेले. लेकराचं वजन दोन महिने घटत होतं. अंगणात कोंबड्या पाकिटातला आहार टिपत होत्या, माझ्या डोळ्यांदेखत. मी तोंड सोडलं. ती बाई, वीसबावीस वर्षांची पोर, आधी खाली बघत राहिली, मग एकदम म्हणाली, "बाई, त्याले थो खाल्ला की उलटी होते. पैल्या दिवशीपासून होते."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुम्ही रागावता नं. मी हाव म्हणतो, तुम्ही लिहून घेता, अन् खुशीत जाता."

मी तिथंच ओट्यावर बसले. त्या पोरीला वाटलं मला चक्कर आली, तिनं पाणी आणलं. तिच्या लेकराला डॉक्टरकडे न्यायचं ठरवून मी उठले आणि घरी आले. वाटेत माझं ठरलं होतं. सासूला म्हटलं, "सोमवारी तुम्ही, मी, पोरगी, अन् टोपला. सारे जाऊ."

"टोपला बी?"

"पैले टोपला."

सोमवारी सकाळच्या एसटीत आम्ही चढलो. मी पोरीला कडेवर घेतलं होतं, सासूच्या डोक्यावर टोपला, टोपल्यात गोधडी, सूप आणि चिंचेचं गाठोडं. कंडक्टर म्हणाला, "बाई, आज अंगणवाडी बाजाराले चालली का?" एरवी मी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी नुसती हसले. सासूनं मात्र त्याला सरकून बसायला लावलं आणि टोपला सीटवर ठेवला.

केंद्रात आम्हाला बघून मॅडम उठून उभ्या राहिल्या. मी दारातच बोलून टाकलं, आत गेले असते तर पुन्हा गिळलं असतं. "मॅडम, मी खोटं बोलली. पोरगी खुर्चीत बसत नाई. पैले पंधरा दिवस सोडले त एक दिवस बसली नाई. तुम्ही येता तेव्हाच बसवतो. थे टोपल्यात बसते."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ द्या ताई. तसं काही झालं नाही. त्या चिडल्या. "एक वर्ष? मी एक वर्ष त्या आकड्यावर तिचे व्यायाम ठरवले. फरक पडत नाही म्हणून पट्टे आणखी आवळायला सांगितले. तुम्हाला काही वाटलं नाही?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. मी ऐकून घेतलं. माझ्या आयुष्यात मी एवढं कोणाचं ऐकून घेतलेलं नाही. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि हळू म्हणाल्या, "मला शंका यायची. खुर्चीची चाकं नवीच्या नवी दिसायची. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असता, तर कागदावर काय लिहिणार होते मी?"

म्हणजे आम्ही दोघी एकाच माळेतल्या. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं.

तेवढ्यात साहेब आले. त्यांच्या टेबलावर आमचा कागद होताच. सासूनं कोणाला न विचारता भिंतीच्या कोपऱ्यात टोपला ठेवला, गोधडी नीट केली आणि पोरीला बसवलं. साहेब, मॅडम, एक शिपाई, सगळे गोल करून उभे राहिले आणि वाकून बघायला लागले. पोरगी एवढ्या पायांकडे बघून भेदरली. हात छातीशी आवळले. मान पडली. एवढ्या लांबून टोपला डोक्यावर आणला आणि आता ही तशीच बसली, तर तो कागद जाईल तसाच, शिक्का बसून.

"घे नं बेटा," मी म्हटलं. "आजीले दाखव. घे." माझा आवाज चढला तशी ती आणखी आवळली.

"तू गप वं," सासू म्हणाली. मग वर बघून साहेबांना म्हणाली, "तुम्ही सारे उभे राह्यले त थे काय पाहीन? तुमचे गुडघे? बसा खाली."

साहेब बसले. खरंच बसले, फरशीवर, मांडी घालून. मॅडम बसल्या, शिपाई बसला. सासूनं गाठोडं सोडलं आणि चिंच मधोमध ओतली. "नुसतं पाहू नका, हातानं काम करा. चिचोके काढा." मग तिनं कोणाकडेच बघितलं नाही, स्वतःचं काम सुरू केलं. साहेबांनी एक चिंच उचलली. त्यांना येत होतं ते काम, गावचेच असणार. ऑफिसात चिंचा फुटण्याचा आवाज यायला लागला. साहेब शिपायाला म्हणाले, "आमच्या आईकडे असंच असायचं." आणि ते बोलत असताना माझ्या मुलीचा हात निघाला. तिनं एक चिंच ओढली. ती मुठीत धरली, मान वर केली आणि सुपावर हात नेऊन सोडली. मग दुसरी. तिसरी तिनं साहेबांच्या हातातली ओढायला बघितली.

मॅडम तोंडावर हात ठेवून बघत होत्या. मी पदरानं डोळे पुसले. रडू आलं, खूप आलं, आणि ते लपवायचं कारणही उरलं नव्हतं.

पण मॅडमही कामाच्या पक्क्या. पाच मिनिटांत त्या पोरीजवळ सरकल्या आणि गोधडीखाली हात घालून चाचपायला लागल्या. "आजी, हे खूपच चांगलं आहे. पण बघा, ती खाली घसरतेय. गुडघे एकमेकांवर चढतात. असंच बसत राहिली तर दोन वर्षांत कमरेचं हाड सरकेल. आणि पाठ डावीकडे झुकतेय, पोतं तिकडे असतं ना?" पोतं तिकडेच असायचं. माझं डोकं पुन्हा तापायला लागलं, आत्ता कुठं पोरगी बसली आणि हिनं लगेच खोट काढली! पण सासू पुढं सरकली. "कुठी घसरते? दाखवा बरं." आणि दोघी त्या टोपल्यात तोंड घालून बोलायला लागल्या. माझी कोणाला गरज नव्हती.

साहेबांनी कागदावर शिक्का मारला नाही. त्यावर लिहिलं की जूनपासून तीन महिने मुलीला शाळेत बसवून बघावं, बसण्याची सोय कुटुंब आणि केंद्र मिळून करतील, मग निर्णय होईल. तीन महिने. नाही जमलं तर पुन्हा तोच कागद. मॅडम म्हणाल्या, "आता जे जमत नाही ते मला आधी सांगायचं. जमतं ते नंतर." मी कबूल केलं.

एप्रिलमध्ये मॅडम शनिवारी शनिवारी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी आल्या. आमच्या गावात बांबूकाम करणारे एक बुरडभाऊ आहेत, त्यांना बोलावलं. त्यांच्या अंगणात टोपल्यावर अशी चर्चा झाली की लग्नाच्या बैठकीत होत नाही. मॅडम म्हणायच्या पाठ उंच करा, सासू म्हणायची एवढी उंच केली तर चुलीतलं दिसत नाही तिला, बुरडभाऊ म्हणायचे तुम्ही आधी ठरवा अन् मग मले सांगा. बुरडभाऊंनी पहिला विणला तो खोल झाला. पोरगी आत बुडाली, नुसतं डोकं वर. ती स्वतःच हसायला लागली. दुसऱ्याला बूड रुंद केलं, तो हलत नव्हता, पण समोरची कड तिच्या पोटाला टोचली. तिसरा जमला. मागं पाठीला ताठ पट्ट्या, दोन्ही बाजूंना कमरेपाशी उशा शिवलेल्या, बसायची जागा समोरून थोडी चढती म्हणजे घसरायला नको, आणि गुडघ्यांच्या मधे बुरडभाऊंनी बांबूचा एक गोल उभा केला, त्यावर माझ्या नवऱ्यानं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. मॅडमनी मापाची पट्टी लावून बघितलं आणि सासूनं पोरीला बसवून बघितलं. दोघींनी मान हलवली तेव्हा बुरडभाऊ म्हणाले, "झालं एकदाचं. आता बापा कोणी काई बोलू नका."

आणि ती निळी खुर्ची? ती वाया गेली नाही. घरातून शाळेत जायला आणि यायला तीच. मॅडमनी पट्टे सैल केले, पायाखालची पाटी वर घेतली. चाकं आता झिजली आहेत.

जूनमध्ये शाळा उघडली. गुरुजी आधी बिचकले होते. माणूस चांगला, पण म्हणाले, "बाई, पडली-झडली तर?" मॅडम तीन दिवस शाळेत येऊन बसल्या. पहिलीची पोरं सतरंजीवर बसतात, त्या रांगेत आमचा टोपला बसला, भिंतीकडून दुसरा. पोरांनी दोन दिवस कुतूहलानं बघितलं, एकानं स्वतः बसून बघितलं, मग विसरले. खिचडीच्या वेळी पडवीत पंगत बसते, तिथंही टोपला. चमच्याला जाड दांडा बांधून दिला, अर्धं सांडतं, अर्धं तोंडात जातं. पंधरा दिवसांनी मॅडम आल्या की आधी आम्ही जे बिघडलं ते सांगतो. ट्यूब सुटली, दुपारनंतर मान पडते, फळ्याकडे बघायला टोपला फिरवावा लागतो. त्या लिहून घेतात, मग आम्ही तिघी, कधी गुरुजी, डोकं लावतो. दुपारी एक तास घरी आणून आडवं करायचं असं ठरलं, तेव्हापासून मान टिकते. मीही माझ्या कामावर विचारायचं बदललं. आता दारात उभी न राहता ओट्यावर बसते आणि म्हणते, काय नाही जमलं ते सांग. तरी कधी कधी तोंड सुटतंच. स्वभावाला काय करणार.

तीन महिन्यांची मुदत ऑगस्टअखेर संपत होती. माझ्या जिवाला घोर होता. रोज संध्याकाळी गुरुजींना विचारायचे, "कशी होती आज?" ते म्हणायचे, "चांगली होती." रोज तेच. मला वाटायला लागलं, हे पण माझ्यासारखेच माझ्या समाधानासाठी बोलतात की काय.

मग एक दिवस दुपारी मी अंगणवाडीत असताना एक बाई तरातरा आली. तिचा मुलगा पहिलीत, पंगतीत माझ्या मुलीच्या शेजारी बसतो. आमच्या दोघींचं आधीपासून फारसं पटत नाही. तिनं मुलाचा दंड माझ्यापुढं धरला. दंडावर लाल वळ होता.

"पाह्य बाई. तुह्या पोरीनं चिमटा काढला. त्यानं तिच्या ताटातली मटकी घेतली म्हणून. चिमटा त चिमटा, वरून सोडेच ना. गुरुजीनं येऊन सोडवली. म्हणे थे पोरगी बिचारी हाये, काई म्हणू नका. कायची बिचारी! चांगली भांडखोर हाये, तुह्यासारखी."

एरवी मी तिला गावाच्या वेशीपर्यंत पिटाळलं असतं. त्या दिवशी मी तिच्या मुलाचा दंड हातात घेऊन बघत राहिले. दोन बोटांची खूण होती, अंगठा आणि शेजारचं बोट, स्पष्ट; माझी पोरगी तर आजवर नुसती मूठ आवळायची. मी तेल लावलं. "माही चूक झाली वं," मी म्हटलं. "मी तिले बोलते." ती बाई जरा गोंधळलीच. भांडायच्या तयारीनं आली होती.

शाळा सुटली, पोरगी घरी आली. मी तिला खुर्चीतून उतरवून टोपल्यात बसवलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. मी कमरेवर हात ठेवले, डोळे मोठे केले आणि तिला रागावले. चांगली रागावले. चिमटा काढतात का, दुसऱ्याला लागत नाही का, मटकी घेतली तर गुरुजींना सांगायचं, पुन्हा असं केलंस तर बघ. सात वर्षांत आमच्या घरात तिला कोणी एक शब्द बोललं नव्हतं. कोण बोलणार, ती बिचारी होती ना. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, विश्वास बसत नसल्यासारखं. मग खालचा ओठ बाहेर काढला, माझ्याकडे पाठ करता येत नव्हती म्हणून मान फिरवली, आणि चुलीजवळ बसलेल्या आजीकडे हात करून मोठ्यानं, रागानं, हूं हूं करत माझी तक्रार सांगायला लागली.